घामाच्या दिवसांतली आमची दौड

आमच्या मंडळाची ५० किलोमीटरची ट्रेल रन, म्हणजे डोंगरवाटांवरची दौड, दरवर्षी नेमकी अशा दिवसांत असायची, की हवा अंगाला चिकटते आणि झाडाचं पान हलत नाही. तारीख पुढं ढकलू या, अशी सूचना दर वर्षी कुणीतरी करायचं आणि जुनी मंडळी ती शांतपणे बाजूला ठेवायची. मला त्यांचं पटायचं. गार हवेत जो तो आपापला धावतो. दमट उन्हात एकमेकांकडे लक्ष ठेवावंच लागतं, आणि मंडळ त्यासाठीच तर असतं.

खरा सोहळा दोन आठवडे आधीच सुरू व्हायचा. ऐन दुपारी, मुद्दाम उन्हात, सगळे मिळून हळूहळू धावायचो. उष्णतेची सवय व्हायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. तेवढ्यात रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पहिल्या दिवशी धापा टाकणारी नवी मुलं दहाव्या दिवशी गप्पा मारत चढ चढताना दिसली, की काय आनंद व्हायचा! माझ्या मनात शर्यतीइतकीच त्या दुपारींची जागा आहे.

आदल्या संध्याकाळी बिब, म्हणजे छातीवर लावायचे क्रमांक, वाटून झाले, की मंडळातले डॉक्टरकाका उभे राहायचे. दर वर्षी तेच सांगायचे आणि दर वर्षी आम्ही मन लावून ऐकायचो. घाम येण्यानं गारवा मिळत नाही, घाम वाळण्यानं मिळतो. १ लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच ठिबकून जमिनीवर पडला, तर शरीरातलं पाणी आणि मीठ तेवढं जातं, गारवा मिळत नाही. मग ते त्यांचं उपकरण दाखवायचे: एक साधा तापमापक, एक ओल्या कापडात गुंडाळलेला आणि एक काळ्या गोळ्यात बसवलेला. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या मरीन सैनिकांना प्रशिक्षणात उष्माघात होऊ लागला, तेव्हा ही पद्धत निघाली. तिन्हींचा मिळून जो आकडा काढतात, त्यात ७० टक्के वजन ओल्या तापमापकाला असतं, साध्याला फक्त १० टक्के. दमटपणा किती भारी पडतो, हे नव्या मुलांना त्या एका आकड्यातून कळायचं.

शर्यत पहाटे अंधारात सुटायची. पहाटे गार वाटतं, म्हणून पोरं सुसाट सुटतात. पण हवेतली आर्द्रता तेव्हाच सगळ्यात जास्त असते. म्हणून पहिल्या टप्प्यात अनुभवी माणसं मुद्दाम नव्यांच्या पुढं राहायची. ‘घड्याळ बघू नकोस, श्वास बघ. बोलता येत नसेल तर चाल.’ चढावर चालण्यात कुणाला कमीपणा वाटायचा नाही. दाट झाडीत सावली असते, पण वारा अडतो, आणि चढावर आपला वेगही इतका कमी की त्याचाही वारा लागत नाही. झाडी संपून माथ्यावर पहिली झुळूक लागली, की अनोळखी माणसंसुद्धा दोन्ही हात पसरून शेजारी शेजारी उभी राहायची.

पण या शर्यतीचा जीव होता एड स्टेशनांत, म्हणजे वाटेवरच्या पाण्याच्या नि मदतीच्या थांब्यांत. अर्ध्या वाटेनंतरचं स्टेशन एक ताई सांभाळायच्या. स्वतः खूप धावलेल्या. त्या कुणालाही ‘बरं वाटतंय ना?’ असं विचारायच्या नाहीत, कारण धावणारा नेहमी हो म्हणतो. त्या विचारायच्या, ‘पुढचं स्टेशन किती लांब आहे? मागच्या ठिकाणी काय घेतलंस?’ उत्तर अडखळलं, की खुर्ची पुढं, टोपीत बर्फ, मानेला ओलं फडकं, आणि उत्तरं सरळ येईपर्यंत सुटका नाही. त्या बोटांकडेही बघायच्या. बोटं सुजलेली, घड्याळाचा पट्टा रुतलेला, डोकं दुखतंय, मळमळतंय, अशा माणसाला त्या साधं पाणी देत नसत. डॉक्टरकाकांना हाक मारत. तहानेपेक्षा जास्त पाणी पीत गेलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ज्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यांतल्या १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं, आणि धावताना ज्यांचं वजन वाढलं त्यांना धोका सगळ्यात मोठा होता. ‘तहान लागली की पी, उगाच ढोसू नकोस,’ हे वाक्य मी अजूनही ताईंच्याच आवाजात ऐकतो.

त्यांच्या टेबलामागं दोन झाडांना दोरी बांधलेली असायची, त्यावर रांगेनं ओले मोजे. घामानं बूट आतून भिजतात, कातडी मऊ पडते आणि उतारावर फोड येतात. कोरडे मोजे घालून पुढं निघालेला माणूस वेगळाच दिसायचा. व्हॅसलीनचा मोठा डबा हातोहात फिरायचा.

फिनिशला बर्फाच्या पाण्यानं भरलेलं मोठं टब असायचं. एका वर्षी एक तरुण शेवटच्या वळणावर भेलकांडत आला, भलतंच बोलत होता. काकांचा नियम ठरलेला: आधी थंड करा, मग हलवा. चौघांनी त्याला गळ्यापर्यंत पाण्यात बसवलं, एकानं काखेतून चादर घालून डोकं वर धरलं, बाकीचे पाणी ढवळत राहिले. थोड्या वेळानं त्यानं आपलं नाव नीट सांगितलं, तेव्हा आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतरच त्याला दवाखान्यात नेलं. पुढच्या वर्षी तो त्याच टबापाशी स्वयंसेवक म्हणून उभा होता.

शेवटचा धावपटू येईपर्यंत कुणी घरी जायचं नाही, हाही नियमच. त्याच्या मागून स्वीपर, म्हणजे सगळ्यात शेवटी चालणारे स्वयंसेवक, यायचे, झाडांवरच्या खुणेच्या रिबिनी सोडवून आणलेल्या. मग प्रत्येक स्टेशनची माणसं एका वहीत लिहायची: बर्फ कुठं कमी पडला, कोण कुठं बसलं, कुठल्या वळणावर वाट चुकते. त्या नोंदींवरूनच पुढं माथ्यावरचं स्टेशन पायथ्याला आणलं. मोठा चढ सुरू होण्याआधीच टोपीत बर्फ पडायला लागला आणि माथ्यावर बसून राहणारी माणसं कमी झाली.