म्हणे सीट विकत घेतली!

आपल्या शुभांशू शुक्लांचं अंतराळ स्थानकाकडे उड्डाण आधी २९ मे २०२५ ला ठरलं होतं. मग ८ जून, मग १०, मग ११. दहाला वरच्या हवेतला वारा आडवा आला. अकराच्या आधी रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली. ती निस्तरतायत तोवर अंतराळ स्थानकाच्या रशियन भागातली हवेची जुनी गळती डोकं वर काढून बसली. एकोणीस, बावीस असं करत करत शेवटी २५ जून. तिकडे नाशिकला आईने देव पाण्यात ठेवले होते. शेवटी तीच म्हणाली, आता काढते बाहेर, बिचारे किती दिवस भिजतील.

फ्लोरिडातल्या आमच्या कंपूला मात्र या पुढे ढकलण्याचं काही वाटत नाही. कंपू म्हणजे विमानं बघायला जमणारी माणसं. एरवी आम्ही ऑर्लंडोच्या विमानतळाभोवती कॅमेरे घेऊन घुटमळत असतो. केप कॅनाव्हरलच्या तळावरून रॉकेट उडणार असलं, की तीच मंडळी खुर्च्या, बर्फाच्या पेट्या, रेडिओवरची बोलणी ऐकायचे स्कॅनर घेऊन पूर्वेला तासाभराच्या रस्त्याला लागतात. शाळेची बस चालवणाऱ्या एक बाई आहेत, एक निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक आहे, पायलट व्हायला आलेली कोवळी पोरं आहेत. उड्डाण रद्द झालं की ही माणसं खुर्च्या मिटतात, उरलेले सँडविच वाटून खातात आणि पुढची तारीख विचारतात. ‘नाट लागली’ असं कुणाच्या चेहऱ्यावरही नसतं. गळती जमिनीवर सापडली हे चांगलंच झालं, इतकं सरळ त्यांचं गणित. मला हे अजून जमत नाही. मी गाडीत बसून चरफडतो.

या छंदाबद्दल थोडं. विमानांचा नाद मला नाशिकजवळच्या ओझरमुळे लागला. तिथल्या एचएएल या विमान कारखान्याच्या धावपट्टीवरून सुखोई हे लढाऊ विमान चाचणीला उठलं की आमच्या वर्गातले अर्धे कान खिडकीकडे जायचे आणि गुरुजींचा खडू तिथेच थांबायचा. पण कॅमेरा? छे. पुढे कॉलेजात असताना एका विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं राहून साध्या मोबाइलवर एक साधं प्रवासी विमान टिपलं, तर तिथल्या माणसाने माझ्याच हाताने फोटो पुसायला लावले आणि वर वडिलांचा नंबर घेतला. इथे पहिल्यांदा मोठी लेन्स लावून उभा होतो तेव्हा पोलिसाची गाडी शेजारी येऊन थांबली. पोटात गोळा आला. तो उतरला आणि विचारलं काय, तर लेन्स कितीची आहे, त्यालाही घ्यायची होती.

आता लगेच ‘बघा, तिकडे किती स्वातंत्र्य’ असं कुणी म्हणू नका. आपले कितीतरी विमानतळ हवाई दलाच्या धावपट्ट्यांवर चालतात. पुण्याचंच घ्या, लोहगावला एका बाजूला इंडिगो आणि दुसऱ्या बाजूला सुखोई. शेजारी कसे आहेत ते माहीत आहे. थोडा संशय राहणारच. आणि खरं सांगू का, कॅमेऱ्याच्या पिशवीत मी पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स ठेवतोच. कंपूत दुसरं कुणी ठेवत नाही.

तर २४ जूनच्या रात्री आम्ही टायटसविलला होतो. समोर इंडियन रिव्हर. नाव नदीचं असलं तरी आहे ती खाडीच, खारी आणि डासांनी भरलेली. पलीकडे पंधरा-वीस किलोमीटरवर प्रखर दिव्यांत न्हालेला ३९ए हा उड्डाणाचा पॅड. अपोलो ११ इथूनच गेलं, १९८१ चं पहिलं स्पेस शटल इथूनच. काठावर त्या रात्री तिरंगे होते, तसेच पोलंड आणि हंगेरीचे झेंडेही होते, कारण यानात त्यांचाही एकेक माणूस होता. उड्डाण पहाटे २:३१ ला, म्हणजे वेळ भरपूर.

आमच्यात एक टाइलवाले काका आहेत. इथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात, मला ते जमत नाही, मी मनात काकाच म्हणतो. शटलच्या पोटाला उष्णतेपासून वाचवणाऱ्या टाइल्स असायच्या, एकेका यानाला चोवीस हजारांच्या आसपास, प्रत्येकीचा आकार वेगळा. त्या हाताने बसवायच्या कामात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांनी थर्मासमधली कॉफी माझ्या कपात ओतली आणि म्हणाले, “छान झालं, तुमच्या देशाने सीट विकत घेतली ते.”

खवचटपणा अजिबात नव्हता. शेजाऱ्याने नवी गाडी घेतल्यावर आपण म्हणतो ना, तसं म्हणाले. पण माझे कान तापले. आमच्या घरात मेरिटवर लागलेला मुलगा आणि पैसे भरून लागलेला मुलगा यांच्याकडे बघायची नजरच वेगळी. त्या घरात वाढलेल्या माणसाला हे वाक्य कुठे लागतं ते तुम्हाला सांगायला नको.

विकत घेतली, हे खरंच आहे. साडेपाचशे कोटींचा आकडा सगळ्या बातम्यांत होता. पण म्हणून काय झालं? शुक्ला काही हौशी प्रवासी नव्हेत. हवाई दलाचे टेस्ट पायलट, दोन हजार तासांच्या आसपास उड्डाण, त्यात सुखोई, मिग-२१, मिग-२९, जग्वार. (सुखोई आणि मिग-२१ म्हटलं की ओझर आलंच. एचएएलने ती तिथेच बांधली. हे मी कंपूला इतक्यांदा सांगितलंय की आता तेच मला सांगतात.) या मोहिमेतही ते पायलटच्या खुर्चीत होते, कमांडर पेगी व्हिट्सन यांच्या शेजारी. व्हिट्सन बाईंनी त्याआधीच अंतराळात ६७५ दिवस काढलेले. अशा बाईच्या शेजारी बसून जे शिकायला मिळतं ते पुढे आपली माणसं आपल्याच रॉकेटने नेणाऱ्या गगनयानला कामी येणार, त्याची किंमत लावायची तर साडेपाचशे कोटी स्वस्तच म्हणायचे. आणि रॉकेट काय आपल्याकडे बनत नाहीत? विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटची विकास इंजिनं तयार होतात. वालचंदनगरला बूस्टरची पोलादी आवरणं बनतात, इंदापूर तालुक्यात, उसाच्या फडांमध्ये.

शेजारी एक पोलिश मुलगा बसला होता. त्याला काकांनी हेच म्हटलं, तर तो हसून म्हणाला, हो, महाग पडली. आणि चिप्सचं पाकीट पुढे केलं. विषय संपला. मला वाटतं त्यांच्याकडे मेरिट लिस्ट लागत नसावी.

हुकमी उत्तर माझ्याकडे वेगळंच होतं. जुलै २०११ मध्ये शेवटचं शटल उतरलं. तिथपासून मे २०२० पर्यंत अमेरिकेकडे स्वतःची माणसं वर न्यायला स्वतःचं यानच नव्हतं. जवळजवळ नऊ वर्षं हा देश रशियाकडून त्यांच्या सोयूझ यानातल्या सीट विकत घेत होता, आणि शेवटी शेवटी एकेका सीटचा भाव आठ कोटी डॉलरच्या वर गेला होता. म्हणजे चंद्रावर जाऊन आलेल्यांनीही तिकीट काढलंय. हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं.

पण ते काकांना कसं म्हणणार? शटल बंद झालं तेव्हा या भागातल्या हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, त्यांत काकांचीही गेली. देश सीट विकत घेत होता त्या वर्षांत हा माणूस एका बांधकाम सामानाच्या दुकानात बाथरूमच्या फरशा विकत होता. हे त्यांनीच मला पूर्वी हसत सांगितलेलं. मी कॉफी प्यायलो आणि म्हटलं, “हो, घेतली.” बाकीचं सगळं तुम्हाला ऐकवतोय.

दोनच्या सुमाराला सगळे उठून उभे राहिले. स्कॅनरवर खरखर, कुणाच्या तरी फोनवर उलटी मोजणी, आमच्या नियंत्रकाच्या हातात विमानांचं ॲप. केपसमोरचा समुद्रावरचा तुकडा त्यात स्वच्छ रिकामा दिसत होता, कारण उड्डाणाच्या वेळी तिथे विमानांना बंदी असते. पायलट पोरांचं वेगळंच चालू होतं. समोरच्या फाल्कन रॉकेटच्या नऊ इंजिनांत जळतं काय, तर शुद्ध केलेलं रॉकेल, विमानाच्या इंधनाचाच भाऊबंद. फरक इतकाच, की विमान ऑक्सिजन वाटेत हवेतून घेतं आणि रॉकेट तो घरून बांधून नेतं.

उजेड आधी आला. खाडीचं पाणी, माणसांची तोंडं, पुलाचे खांब, सगळं पिवळंजर्द. आवाज नाही. पासष्ट मीटरचं ते धूड सरळ वर चढतंय आणि आपल्याला पाखराचंसुद्धा ऐकू येत नाही, हे मिनिटभर चालतं. मग आवाज येतो आणि तो कानांत नाही, छातीत येतो, फटाक्यांच्या माळेसारखा तडतडत. मी कॅमेरा लावला होता. एकही फोटो धड नाही. बसवाल्या बाई “गो, गो, गो” करत होत्या आणि माझ्या तोंडून निघालं “गणपती बाप्पा!” मागून दोन-चार ठिकाणांहून “मोरया” आलं. कोण होते देव जाणे, अंधारात दिसले नाहीत.

आठ मिनिटांच्या आत बूस्टर, म्हणजे रॉकेटचा खालचा टप्पा, परत आला, केपवरच उतरला, आणि ध्वनीचा अडसर फोडल्याचे धडाके खाडीवरून येऊन आदळले. काकांचे डोळे मिटलेले होते. शटल उतरतानाही असेच दोन धडाके व्हायचे म्हणाले.

त्यानंतर कल्पना चावलांचा विषय त्यांनीच काढला. इथे त्यांना केसी म्हणायचे. २००३ च्या जानेवारीत त्यांचं कोलंबिया शटल याच ३९ए वरून गेलं होतं, ते परतताना फुटलं. मी काही विचारलं नव्हतं, तरी ते म्हणाले, फोमचा तुकडा पंखाच्या पुढच्या कडेला लागला होता, तिथे कार्बनची पॅनेल्स होती, टाइल्स नव्हत्या. बावीस वर्षांनंतर, न विचारता. मी नुसती मान हलवली.

भारतात तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. गाड्या मुंगीच्या पावलांनी पुलावरून सरकत होत्या तेव्हा आईला फोन लावला. तिने टीव्हीवर सगळं माझ्यापेक्षा नीट पाहिलं होतं. ‘४१ साल बाद’ हे शुक्लांचं वाक्य तिने मला दोनदा ऐकवलं, कारण १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले तेव्हा ती कॉलेजात होती आणि शेजारच्यांच्या टीव्हीसमोर पहिल्या रांगेत बसली होती. शुक्लांनी गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस वर नेल्याचंही तिला ठाऊक होतं. मग आमरस हापूसचा असेल का, यावर भावाचं आणि तिचं माझ्याच फोनवर जुंपलं. लखनौचा माणूस आहे, दशहरीचा असणार, असं मी म्हटल्यावर दोघंही माझ्यावर घसरले.

गेल्या आठवड्यात काका विमानतळापाशी भेटले. गगनयान माणसं घेऊन जाईल तेव्हा त्यांना बघायला यायचंय. खरंच यायचंय, पैसे बाजूला टाकायला लागलेत. श्रीहरिकोटाला २०१९ पासून लोकांसाठी गॅलरी आहे हे मी छाती पुढे काढून सांगितलं. सुलुरपेटाला रेल्वेने उतरायचं, उकाडा तुमच्या फ्लोरिडासारखाच, डासही तसेच. परदेशी माणसाच्या नोंदणीचं काय ते विचारून सांगतो म्हटलं. स्कॅनर मात्र घरीच ठेवून यायचं, हे आत्ताच बजावून ठेवलंय.