आलं तीस, गेलं साडेएकतीस

वॉटर ऑडिटच्या, म्हणजे पाण्याचा आवक-जावक हिशोब तपासण्याच्या कामात आकडे न जुळणं ही रोजची गोष्ट आहे, पण जलशुद्धीकरण केंद्रात जेवढं पाणी आलं त्यापेक्षा जास्त पाणी शुद्ध होऊन बाहेर पडलं असा हिशोब मी त्या उन्हाळ्यातच पहिल्यांदा बघितला. शहराचं नाव लिहीत नाही, महाराष्ट्रातलंच आहे, धरणातून पाणी उचलून टेकडीवरच्या प्लांटमध्ये आणतात आणि तिथून दोन लाइननी शहरात सोडतात. एक लाइन पंपिंगची, उंचावरच्या टाक्यांसाठी, आणि दुसरी ग्रॅव्हिटीची, जुन्या गावठाणाकडे आणि तिथून पुढं टोकाच्या वस्त्यांकडे जाणारी. रॉ वॉटरचा, म्हणजे धरणातून येणाऱ्या कच्च्या पाण्याचा मीटर सरासरी ३० एमएलडी (रोजचे दशलक्ष लिटर) दाखवत होता म्हणजे रोज ३ कोटी लिटर, आणि बाहेरचे दोन मीटर पंपिंगचे १३.६ आणि ग्रॅव्हिटीचे १८, म्हणजे ३१.६.

आता फिल्टर बेड धुवायला लागतात, त्या बॅकवॉशमध्ये आणि गाळ काढण्यात तीनेक टक्के पाणी जातंच, म्हणजे तीस आलं तर एकोणतीसच्या आसपास बाहेर पडायला पाहिजे. इथं उलट दीड एमएलडी वाढलं होतं. आणि ही गोष्ट कुणाला टोचत नव्हती कारण दोन रजिस्टरं दोन टेबलांवर होती. रॉ वॉटरचं रजिस्टर धरणाच्या पाण्याचं बिल भरणाऱ्यांकडे, शुद्ध पाण्याचं वितरणवाल्यांकडे. एका शीटवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी कुणी मांडलेच नव्हते.

थोडं मागं जाऊन सांगते, नाहीतर हे मला एवढं का लागलं ते कळणार नाही.

मी पुण्याची, त्यामुळे पावसाळ्यात सकाळी उठल्यावर खडकवासला साखळीचा साठा बघायची सवय इथल्या सगळ्यांसारखी मलाही आहे. टेमघर ३.७१, वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५ आणि खडकवासला १.९७, एकूण २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) उपयुक्त साठा. पुण्यात सगळं टीएमसीत बोलतात, मुंबईच्या सात तलावांचा हिशोब दशलक्ष लिटरमध्ये असतो, पूर्ण भरले की १४ लाख ४७ हजार ३६३, पाटबंधारेवाले दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर लिहितात, कालव्यात क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट, आणि शहरात आलं की एमएलडी. एकच पाणी, पण प्रत्येक टेबलावर त्याचं माप बदलतं. सगळं एका मापात आणलं की मग जरा अंदाज येतो, पुण्याची चार धरणं मिळून साधारण ८२५ दलघमी आणि मुंबईचे तलाव १४४७, म्हणजे ५१ टीएमसीच्या आसपास. आणि पुण्याच्या २९ मधून नुसतं पुणं नाही पीत, खडकवासल्याचा उजवा कालवा पार दौंड इंदापूरपर्यंत जातो, तिथली शेती आणि गावं त्याच साठ्यावर आहेत. म्हणून तर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत एकेका टीएमसीवरून वाद होतात, एक टीएमसी म्हणजे २८३२ कोटी लिटर, आणि पावसाळा संपताना धरणात जे असेल त्यावरच पुढच्या जूनपर्यंत सगळ्यांना काढायचं असतं.

पण या सगळ्या हिशोबात एक खोच आहे जी बातम्यांत कधी येत नाही. धरणात रोज किती पाणी आलं हे बहुतेक ठिकाणी थेट मोजलं जातच नाही. सकाळी पातळी बघायची, तक्त्यावरून साठा काढायचा, कालच्या साठ्याशी फरक बघायचा, त्यात सोडलेलं पाणी आणि बाष्पीभवन मिळवायचं आणि जे उरतं त्याला आवक म्हणायचं. म्हणजे आवक ही वजाबाकी आहे. वाऱ्याने पाणी भिंतीकडे ढकललं आणि पातळी दोन सेंटिमीटर जास्त वाचली गेली, तक्ता जुना आहे आणि तळाशी गाळ साचलाय, विसर्गाचा अंदाज थोडा चुकला, हे सगळं त्या एका आकड्यात जाऊन बसतं. म्हणूनच उन्हाळ्यात कधीकधी आवक चक्क उणे येते, जी निसर्गात शक्यच नाही. शहराच्या बाजूला याचाच जुळा भाऊ म्हणजे गळती. पाठवलेलं पाणी वजा बिल झालेलं पाणी, जे उरलं ते हिशोबाबाहेरचं. ते कुणी मोजलेलं नसतं, ते फक्त उरलेलं असतं. पण एकदा त्याला गळती आणि चोरी असं नाव पडलं की लोक त्यासाठी रस्ते खोदायला लागतात आणि माणसांवर आरोपही करायला लागतात.

त्या शहरात नेमकं हेच चाललं होतं. ग्रॅव्हिटी लाइनवर साधारण १ लाख २० हजार लोकवस्ती. १८ एमएलडी भागिले तेवढी माणसं, माणशी १५० लिटर. केंद्राच्या २००८ च्या निकषांत माणशी १३५ लिटर धरलेलं आहे, म्हणजे कागदावर या भागाला पुरून उरतंय. बिलं मात्र १० एमएलडीचीच होत होती. मग ४४ टक्के पाणी जातं कुठं? उत्तर तयार होतं, टोकाच्या वस्तीत बेकायदा कनेक्शनं आहेत. तिथल्या बायका जास्त वेळ पाणी द्या म्हणून अर्ज घेऊन आल्या की त्यांना हाच आकडा ऐकवला जायचा, तुमच्या भागाला दीडशे लिटर जातंय, तुमच्यातलेच लोक मोटारी लावून ओढतायत. मी तिथं गेले होते तेव्हा एक जण म्हणाली, "ताई, मोटार लावायला नळाला पाणी तर पाहिजे." पहाटे पाऊण तास पाणी, त्यातली पहिली दहा मिनिटं नुसती हवा.

तर त्या दिवशी आम्ही प्लांटवर सकाळीच पोचलो. तिथल्या पाणीपुरवठ्याच्या साहेबांचं म्हणणं होतं रॉ मीटर कमी वाचत असणार, त्याला हात लावू नका, कारण धरणाच्या पाण्याचं बिल त्याच्यावर आहे, वाढला तर बिल वाढेल. मी म्हटलं हात नाही लावत, फक्त शेजारी आमचा अल्ट्रासॉनिक मीटर लावून बघते. हा मीटर पाइपला बाहेरून बांधायचा असतो, पाइप कापावा लागत नाही. लावला, दोन तास लॉगिंग केलं, रॉ मीटर बरोबर निघाला, एक टक्क्याचाही फरक नाही. पंपांचे चालू तास आणि पंपांची क्षमता यावरूनही तेवढंच येत होतं. पंपिंग लाइनचा मीटरही ठीक. राहिली ग्रॅव्हिटी लाइन.

तिचा मीटर प्लांटच्या गेटबाहेर, टेकडीच्या कडेला एका चेंबरमध्ये. झाकण पहारीने उचललं, खाली घोटाभर चिखल आणि डास. तिथंही आमचा मीटर लावला आणि त्याने बसवलेल्या मीटरएवढाच फ्लो दाखवला. साहेब खुश झाले, म्हणाले झालं ना समाधान, दोन मीटर एकच सांगतायत. टीममधल्या पोरांनाही तेच वाटलं, आणि खरं सांगायचं तर बहुतेक रिपोर्ट इथंच संपतात, दोन स्वतंत्र मीटर जुळले की पुढं कोण बघतंय.

आमच्याबरोबर प्लांटचे ऑपरेटर काका आले होते. ते चेंबरच्या काठावर उकिडवे बसले होते, ते आपले सहज बोलावं तसं म्हणाले, "ही लाइन इथं बोलते बघा. पंपाची लाइन अशी बोलत नाही." मी खाली उतरून पाइपला कान लावला. आत खळखळ होती, स्पष्ट, ओढ्याला असते तशी. पंपिंगच्या पाइपला नुसती एकसुरी घरघर असते. पाइप भरून वाहत असेल तर खळखळ व्हायला जागाच नसते, आत वर हवा असल्याशिवाय पाण्याला पृष्ठभाग कुठून येणार?

मग सगळं डोक्यात बसलं. मीटर बसवलाय तिथं पाइप जवळपास आडवा आहे आणि पाच सात मीटरवर टेकडीचा एकदम उतार. उतारावर पाणी पळतं, त्यामुळे अलीकडे कडेपाशीच पाइप पूर्ण भरलेला राहत नाही, वर हवेची पोकळी. आणि हा इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर पाणी नाही मोजत, वेग मोजतो, मग त्याला पाइपच्या पूर्ण क्षेत्रफळाने गुणतो. पाइप ऐंशी टक्के भरला असेल तरी तो गुणतो शंभराने. पाइप रिकामा असल्याचा अलार्म असतो त्यात, पण मीटरचे इलेक्ट्रोड बाजूंना मध्यावर असतात, ते पाण्याखाली आहेत तोवर मीटरच्या मते सगळं आलबेल. आणि आमचा बाहेरून लावलेला मीटर? तोही वेगच मोजतो आणि पूर्ण क्षेत्रफळानेच गुणतो. म्हणून जुळले. दोघांचं गृहीतक एक होतं आणि तेच खोटं होतं.

पण कानाने ऐकलं असं रिपोर्टात लिहून चालत नाही, आकडा पाहिजे. त्यासाठी सगळ्यात जुनी आणि माझ्या मते सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे ड्रॉप टेस्ट. शुद्ध पाणी साठवायची टाकी, म्हणजे संप, ४० मीटर बाय २५ मीटर, उभ्या भिंतींचा, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की बरोबर १० हजार लिटर गेले. यात वेग नाही, इलेक्ट्रोड नाही, काही नाही, फक्त लांबी रुंदी आणि उंची. दुपारी पंप बंद ठेवायला साहेबांनी कुरकुरत परवानगी दिली. आधी येणारा व्हॉल्व्ह आणि जाणारे दोन्ही बंद करून पंधरा मिनिटं पातळी बघितली, हलली नाही, म्हणजे व्हॉल्व्ह गळत नाहीत आणि संपही गळत नाही. हे न करता जे लोक थेट टेस्ट घेतात त्यांच्या आकड्यावर माझा विश्वास नसतो. मग फक्त ग्रॅव्हिटीचा व्हॉल्व्ह उघडला. प्रवाह स्थिर होईपर्यंत थांबलो. एक पोरगा संपाच्या शिडीवर टॉर्च आणि स्टीलची पट्टी घेऊन, दुसरा चेंबरपाशी मीटरच्या डिस्प्लेसमोर, आणि मधे फोन चालू.

अर्ध्या तासात पातळी ३२ सेंटिमीटर उतरली. म्हणजे ३२० घनमीटर. मीटरने त्याच अर्ध्या तासात ३८४ मोजले होते.

बरोबर वीस टक्के जास्त. व्हॉल्व्ह कमी जास्त उघडून पुन्हा घेतली, फरक थोडा वर खाली होत होता पण सरासरी तिथंच. काका शिडीपाशी येऊन पट्टी स्वतः बघून गेले. साहेब बराच वेळ कॅल्क्युलेटरवर काहीतरी करत होते, मग म्हणाले, "म्हणजे अठरा नाही, पंधरा." हो, पंधरा. आणि मग पूर्ण हिशोब बसला, १३.६ अधिक १५ म्हणजे २८.६, बॅकवॉशचं एक, उरलं ०.४, जे मीटरच्या साध्या चुकीत सहज मावतं.

तीन एमएलडी म्हणजे ३० लाख लिटर पाणी, जे रोज कागदावर तयार होत होतं आणि कागदावरच चोरीला जात होतं. १३५ लिटरने भागलं तर २२ हजार माणसांचं पाणी. आणि त्या भागाला माणशी दीडशे नाही तर सव्वाशे लिटरच निघत होतं, तेही प्लांटच्या दारात, वाटेतली गळती वेगळीच. म्हणजे अर्ज घेऊन येणाऱ्या बायका निकषाच्या खालच्या पाण्यावर जगत होत्या आणि त्यांना सांगितलं जात होतं की तुम्हाला जास्त मिळतंय. मला त्या संध्याकाळी खरंच राग आला होता, मीटरवर नाही, तो बिचारा सांगितलंय तेच करत होता, राग याचा की वजाबाकीतून उरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून माणसांना चोर ठरवलं गेलं आणि संपात एक पट्टी बुडवून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही.

रिपोर्टात मी दोन गोष्टींवर अडून बसले. एक, मागच्या वर्षाच्या गळतीच्या टक्केवारीवर दुरुस्तीची टीप जोडायची, ४४ चे ३३ टक्के होतात ते लिहायचं. ३३ पण वाईटच आहे, निकष वीस टक्क्यांचा आहे, पण ते खरं पाणी आहे, शोधलं तर सापडणारं. दुसरं, टोकाच्या वस्तीबद्दलचा बेकायदा कनेक्शनचा परिच्छेद जुन्या अहवालातून उचलून पुन्हा लावायचा नाही. त्यावर बरीच चर्चा झाली, शेवटी "पडताळणी झालेली नाही" एवढं वाक्य राहिलं. मला तेही नको होतं.

मीटर नंतर हलवला. पाइपला खाली वाकवून पुन्हा वर आणणारा एक लूप केला आणि मीटर त्या खालच्या भागात बसवला, तिथं पाइप कायम भरलेला राहतो. संपात कायमची मोजपट्टी रंगवली, सेंटिमीटरच्या खुणांची, आणि काका आता आठवड्यातून एकदा अर्धा तास पंप बंद ठेवून टेस्ट घेतात, वहीत दोन आकडे शेजारी शेजारी लिहितात. पंपिंगच्या भागातून थोडं पाणी ग्रॅव्हिटीकडे वळवायचा प्रस्ताव गेलाय, त्यावर उंचावरच्या भागातल्या लोकांची हरकत आली आहे आणि त्यांचंही म्हणणं अगदीच चूक नाही, त्यांच्याकडे माणशी किती जातंय हे आधी नीट मोजायला हवं. पुढचं काम तेच आहे, उंचावरच्या टाक्यांच्या ड्रॉप टेस्ट, एकेक करून.