एक थाऊ

माझ्या टेबलाच्या खणात बोटभर लांबीचा, राखाडी रंगाचा एक धातूचा तुकडा चार महिन्यांपासून पडून आहे. अधूनमधून मी तो बाहेर काढतो, त्याच्या निमुळत्या टोकाला मायक्रोमीटर लावतो आणि परत ठेवून देतो. माप दर वेळी तेच येते, ०.३९८ इंच. ते एका थाऊने, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाने, खोटे आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. वडील शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणारे, होते. मी औरंगाबादच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये डाय-मोल्डचे काम शिकलो आणि फिरत फिरत अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, चार माणसांच्या एका वर्कशॉपमध्ये येऊन पोहोचलो. आम्ही शिशाच्या गोळ्या ओतण्याचे साचे बनवतो. आपल्याकडे हे सांगितले की ऐकणारा गप्प होतो, म्हणून आई शेजाऱ्यांना 'मशीनचे पार्ट करतो' एवढेच सांगते. इथे मात्र हरणाच्या शिकारीला जाणारा निवृत्त शिक्षक किंवा शेतकरी स्वतःच्या गॅरेजमध्ये शिसे वितळवून गोळ्या ओततो, आणि आपल्याकडे लोणच्यातल्या मिठावरून जितका वाद होतो तितकाच त्यांच्यात शिशात कथिल किती घालावे यावरून होतो.

जूनमध्ये एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ दुकानात आले. त्यांच्याकडे आजोबांची विंचेस्टर ९४ रायफल होती, अष्टकोनी नळीची, .३८-५५ काडतुसाची. सोबत आमच्याकडूनच वर्षभरापूर्वी घेतलेला साचा आणि कागदाचे एक टार्गेट होते. कागदावरची भोके गोल असायला हवी होती. पाचांपैकी तीन कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखी लांबट होती, म्हणजे गोळ्या हवेत आडव्या होऊन कागदावर आपटल्या होत्या. नळीत डोकावलो तर गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांमध्ये शिशाचा थर चमकत होता.

हा साचा फोनवर ऑर्डर घेणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने ठरवला होता. तो भला माणूस आहे, पण सुतावरून स्वर्ग गाठण्याची त्याला खोड आहे. गिऱ्हाइकाने काडतुसाचे नाव उच्चारले की तो कॅटलॉगमधला नंबर सांगून मोकळा होतो. .३८-५५ साठी त्याने ०.३७७ इंच जाडीची गोळी दिली होती, आणि कागदोपत्री ते बरोबर होते. अडचण अशी की हे काडतूस १८८४ सालचे, बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या जमान्यातले आहे. जॉन ब्राउनिंगची नवी लिव्हर-अॅक्शन (खालची लिव्हर ओढून काडतूस भरायची) रायफल, म्हणजे हीच विंचेस्टर ९४, १८९४ मध्ये बाजारात आली ती याच आणि .३२-४० या काडतुसांसाठी, प्रसिद्ध .३०-३० पुढच्या वर्षी आले. त्या काळच्या .३८-५५ नळ्यांच्या खाचांची मापे एकसारखी नाहीत. एखादी ०.३७६ भरते, एखादी ०.३८१. गिऱ्हाईक साच्याची किंमत चार ठिकाणी विचारते, आपल्या नळीचे माप मात्र एकदाही घेत नाही.

मी सहकाऱ्यादेखत, जरा मोठ्यानेच, म्हणालो की हा साचाच चुकलेला आहे, आता सगळे मापून नवा करू.

लिव्हर-अॅक्शनचा साचा निवडताना जाडी हा एकच प्रश्न नसतो. या रायफलीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपलेली असतात, म्हणजे मागच्या गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, नेमके दारू पेटवणारी टोपी बसवलेल्या जागी, टेकलेले असते. टोकदार गोळी घातली तर गोळीबाराच्या धक्क्याने ती टोपी आतल्या आतच पेटू शकते, म्हणून नाक चपटे आणि रुंद हवे. आतली स्प्रिंग काडतुसांना सतत दाबत असते, त्यामुळे गोळी पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीत, मागे सरकू नये यासाठी पुंगळीचे तोंड आवळून बसवायला गोळीच्या अंगावर खाच हवी. ती खाच कुठे असावी हे पुंगळीच्या लांबीवर ठरते, आणि .३८-५५ च्या पुंगळ्या दोन लांबींत मिळतात, सुमारे २.०८ इंच आणि जुन्या पद्धतीची २.१२५ इंच. त्याउपर सगळे काडतूस अडीच इंचांच्या फार पुढे गेले, तर खालून वर उचलणाऱ्या कॅरिअरमध्ये ते बसत नाही आणि लिव्हर मधेच अडकते. हे सगळे मी त्या दुपारी कागदावर मांडले. गृहस्थांच्या पुंगळ्या आखूड होत्या, म्हणून खाच त्या हिशेबाने खाली घेतली, नाकाचा चपटा भाग पाव इंचाचा ठेवला, वजन जुन्या काडतुसाप्रमाणे २५५ ग्रेन धरले. ही रेखाटणी मला आजही आवडते.

मग नळीचे माप. मऊ शुद्ध शिशाची गोटी तेल लावून नळीच्या तोंडातून आत घालायची आणि पितळी दांड्याने, मधे न थांबता, पार चेंबरपर्यंत, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीपर्यंत, ढकलत न्यायची. नळीत कुठे सैल आहे, कुठे घट्ट, ते हाताला कळते. ही नळी मधे एका जागी किंचित सैल होती. गोटी बाहेर आली की तिच्यावर सहा खाचांचा ठसा उमटलेला असतो. समोरासमोरच्या खाचांवर माप आले ०.३८० इंच. म्हणजे गोळी त्याहून एक थाऊ जाड, ०.३८१ हवी.

पण जाड गोळी चेंबरमध्ये मावली पाहिजे, आणि जुन्या .३८-५५ चे खरे दुखणे हेच आहे की खाचा ढगळ आणि चेंबरचा गळा (पुंगळीचे तोंड बसते तो भाग) तंग अशा नळ्या सर्रास भेटतात. म्हणून चेंबरचा ठसा घ्यायचा. त्यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वापरतात. त्यात बिस्मथ, शिसे, कथिल आणि कॅडमियम असते आणि तो ८८ अंश सेल्सिअसच्या आतच पूर्ण वितळतो, चहाच्या आधणालाही इतकी कमी उष्णता पुरत नाही. बोल्ट काढून रायफल शिकंज्यात तोंड खाली करून धरली, चेंबरच्या पुढे कापडाचा बोळा बसवला, ओतले, आणि थिजल्यावर ठसा अलगद बाहेर ढकलला.

या धातूची एक खोड आहे आणि ती डब्यावरच छापलेली असते. तो पहिल्या अर्ध्या तासात आक्रसतो, तासाभराने नेमका चेंबरच्या मापाला येतो आणि त्यानंतर फुगत जातो. चार दिवसांत दर इंचामागे अडीच थाऊ वाढतो, त्यातली बरीचशी वाढ पहिल्या दिवसातच होते. म्हणून माप तासाभराने घ्यायचे. ठसा काढला तेव्हा शुक्रवारचे सव्वापाच झाले होते, दुकान साडेपाचला बंद होते, आणि मी तो ठसा कागदात गुंडाळून, वर तारीख घालून, टेबलावर ठेवून घरी गेलो. सोमवारी सकाळी मापला. गळा ०.३९८.

हिशेब सोपा होता. पुंगळीची भिंत दोन्ही बाजूंनी ८ थाऊ, म्हणजे १६, अधिक गोळी ३८१, एकूण ३९७. चेंबर ३९८. एक थाऊची मोकळीक थोडी आहे, पण आहे. डब्यावरची सूचना मी कैकदा वाचलेली होती; ती मला त्या सकाळी आठवली नाही, कारण आकडा मला हवा तसा आला होता.

साचा पितळेचा केला. दोन्ही ठोकळे बंद करून लेथवर बोरिंग बारने पोकळी कोरली, वीस भाग शिसे आणि एक भाग कथिल या मऊ मिश्रणाचे आक्रसणे धरून. आक्रसण्याची सूट पोटात कशी धरायची हे मला वडिलांनी लाकडी पॅटर्नवर शिकवले, इथल्या कोणत्याही कॉम्प्युटरने नाही. हवा निसटायच्या रेघा केसाएवढ्या बारीक आल्या. पहिल्याच ओतात गोळ्यांच्या कडा धारदार उतरल्या आणि माप बरोबर ०.३८१ भरले. मी दोन गोळ्या सहकाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. तसे करायला नको होते.

गृहस्थ आले, त्यांनी बिनदारूचे, बिनटोपीचे एक तपासणीचे काडतूस तयार केले आणि चेंबरमध्ये घातले. लिव्हर शेवटच्या अर्ध्या इंचावर थांबली. त्यांनी जोर लावला नाही, ते माझ्याकडे पाहत राहिले. काडतूस काढले तर पुंगळीच्या गळ्याभोवती गोल चकाकी उमटली होती. गळ्याला फुलायला जागा नसेल तर गोळी सुटत नाही आणि दाब नको तितका चढतो. सव्वाशे वर्षांच्या पोलादात हा प्रयोग कोणी करत नाही. मी दुसरा ठसा घेतला आणि या वेळी घड्याळ लावून बसलो. एक तासाने ०.३९७.

साच्याची पोकळी वाढवता येते, कमी करता येत नाही. पुंगळ्यांचे गळे बाहेरून खरवडून भिंत ७ थाऊंवर आणली तर दोन थाऊ मोकळीक मिळते, पण ते एकेक पुंगळी हाताने फिरवायचे काम आहे आणि गृहस्थांच्या बोटांना संधिवात आहे. चेंबरचा गळा रीमरने मोठा करायला ते तयार नव्हते, आणि मीही तसा सल्ला दिला नसता.

तेवढ्यात त्यांनी विचारले, "पण मग माझे आजोबा काय वापरत होते?" त्या काळची गोळी जवळपास आमच्या पहिल्या साच्याएवढीच असायची. ती मऊ शिशाची असे, आणि काळ्या दारूच्या एकदम बसणाऱ्या दणक्याने नळीतच फुगून खाचा भरून काढी. मी विचारले की पहिल्या साच्यात तुम्ही काय ओतत होता. ते म्हणाले, गाडीच्या चाकांना लावायची जुनी वजने. त्या शिशात सुमारे तीन टक्के अँटिमनी असते. ते कठीण, फुगायला नाखूश. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

त्यांनी आमच्या भट्टीतले मऊ मिश्रण नेले, जुन्याच साच्यात गोळ्या ओतल्या, काळी दारू भरली आणि पंधरा दिवसांनी दुसरा कागद आणून दाखवला. पन्नास यार्डांवर पाच भोके, पाचही गोल, तळहातात मावतील एवढ्यात. सहकारी शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही, ही त्याची सभ्यता.

तरीही मला वाटते की ०.३८१ ची गोळी त्या नळीला अधिक न्याय देईल. काळ्या दारूच्या दणक्यावर विसंबून न राहता ती पहिल्या इंचापासून खाचा भरून धरेल. हे मला खरोखर वाटते की माझ्या साच्याची बाजू घ्यावीशी वाटते, हे मला सांगता येत नाही. गेल्या आठवड्यात काम संपल्यावर थांबून मी वीस पुंगळ्यांचे गळे ७ थाऊंपर्यंत खरवडले, दर पुंगळी तीन ठिकाणी मापली आणि पितळी साच्यासोबत गृहस्थांना फुकट देऊन टाकल्या. मालकाने साच्याचे पैसे माझ्या नावावर लावलेले नाहीत, पण वहीत त्यापुढची जागा रिकामी ठेवली आहे. शिकारीचा हंगाम सुरू व्हायला दोन आठवडे आहेत आणि त्याआधी ते दोन्ही गोळ्या एकाच कागदावर मारून पाहणार आहेत.