विस्तव सारायची सळई

शनिवार, १८ जानेवारी

दुपारी चारलाच अंधारून आलं. घरी येऊन तास झाला तरी उजवा तळवा झणझणतोय, पेन नीट धरता येत नाही. तरी आजचं आजच लिहिलेलं बरं.

शेजारच्या आजींसाठी विस्तव सारायची सळई करायला घेतली आहे. दोन वर्षांपूर्वी, इथल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात, घरातला बॉयलर बंद पडला तेव्हा त्यांनी आम्हाला तीन संध्याकाळी त्यांच्या फायरप्लेसपुढे बसवलं होतं. तेव्हाच पाहिलं, त्यांची जुनी सळई टोकाशी जळून जळून बोथट झाली होती आणि ओंडका ओढायचा आकडा तर तुटूनच गेला होता. त्या ती उलटी धरून काम भागवायच्या. लोहाराच्या घरात वाढलेल्या माणसाला असलं हत्यार बघवत नाही. तेव्हा मनात धरलं होतं, हातात यायला दोन वर्षं गेली.

आम्ही राहतो ते इंग्लंडमधल्या श्रॉपशरमध्ये, सेव्हर्न नदीच्या घळीजवळ. १७७९ साली उभारलेला तो प्रसिद्ध लोखंडी पूल इथून चालत जाण्याइतका जवळ. त्याच्या पलीकडे कोलब्रुकडेल. तिथे अब्राहम डार्बीने १७०९ मध्ये लोणारी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड गाळलं. पूल सगळा बिडाचा. आजींच्या फायरप्लेसची जाळीही बिडाची, वेलबुट्टीसकट ओतलेली. पण सळई बिडाची करता येत नाही, हे मला इथे कुणी सांगावं लागलं नाही. आई बिडाचा तवा किती जपायची! हातातून पडला की दोन तुकडे. बिडात कार्बन ३ ते ४ टक्के, त्यामुळे ते ठिसूळ. ओतावं आणि जागेवर ठेवून द्यावं. ढोसायला, ओढायला, आपटायला घडवलेलंच लोखंड हवं.

म्हणून १२ मिलिमीटरचा चौकोनी गज घेतला, मऊ पोलादाचा, ७५ सेंटिमीटर लांब. मीटरला सव्वा किलोच्या आतच भरतो, त्यामुळे म्हाताऱ्या हाताला जड होणार नाही.

दर शनिवारी जिथे शिकायला जाते ती भट्टी एका जुन्या तबेल्यात आहे. खिडक्या लहान, त्यांनाही गोणपाट लावलेलं. पहिल्या दिवशी आत शिरले तेव्हा छातीत एकदम काहीतरी हललं होतं. आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, दुकानही असंच अंधारं. दाराची एक फळी कायम लावलेली. उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही, आणि रंग कळला नाही तर लोहाराला काहीच कळत नाही. इथले आमचे शिकवणारे लालभडक लोखंडाला चेरी म्हणतात. आबांचं कुंकू होतं. भात्यावर मी नाहीतर माझी आजी. आतून आबांचा आवाज यायचा, "कुंकू झालं गं, अजून ओढ." मग, "झेंडू झाला, बास." झेंडू झाला की सांडशीत धरून ऐरणीवर, आणि आजी भाता सोडून घण उचलायची. सातारा जिल्ह्यातल्या त्या गावात घण मारणाऱ्या बाईचं कुणाला नवल नव्हतं. गावाबाहेर पालं टाकून राहणाऱ्या घिसाड्यांच्या बायकाही घण मारायच्या.

आज फक्त टोक झालं. गजाचं टोक कुंकवावर आणायचं, ऐरणीच्या कडेला धरायचं, घाव घातला की पाव फेरा वळवायचं, परत घाव. आधी चौकोनीच निमुळतं करत न्यायचं, मग कोपरे मारून आठकोनी, आणि गोल करायचं ते सगळ्यात शेवटी. सुरुवातीलाच गोल करायला गेलं की आत पोकळ भेग पडते. हे आबांकडून ऐकलेलं, इथेही तेच ऐकलं, अगदी त्याच क्रमाने.

मग टोकाकडून सात सेंटिमीटर अंतरावर एक बारीक भोक पाडलं आणि तिथपासून टोकापर्यंत गरम छिन्नीने गज उभा चिरला. भोक नसतं तर चीर पुढे फाटत गेली असती. खाली जाड पत्रा ठेवला, छिन्नी आरपार गेली तर ऐरणीच्या तोंडावर बसू नये म्हणून. दोन फांद्या झाल्या. एक सरळ ठेवली, विस्तव ढोसायला. दुसरी ऐरणीच्या शिंगावर, म्हणजे तिच्या निमुळत्या गोल टोकावर, वळवून आकडा केला.

शिंगाचं मला अजून अप्रूप आहे. आबांची ऐरण म्हणजे बाभळीच्या ओंडक्यात रुतवलेला लोखंडाचा ठोकळा, त्याला शिंग नव्हतं. वळवायचं ते एखाद्या जुन्या पहारीवर. ते मांडी घालून, नाहीतर उकिडवे बसून काम करायचे. इथे ऐरण उभ्या माणसाच्या मुठीच्या उंचीला. मला उभ्याने ठोकायला शिकायला सहा महिने लागले, कारण माझ्या डोळ्यांना ते काम वरून बघायची सवयच नव्हती. इथल्या ऐरणीच्या अंगावर तीन आकडे कोरलेत, १-३-१४. पहिला हंड्रेडवेट, म्हणजे ११२ पौंड, दुसरा त्याचे पाव भाग, २८ पौंडांचे, तिसरा सुटे पौंड. ११२ अधिक ८४ अधिक १४, म्हणजे २१० पौंड, साधारण ९५ किलो. हा हिशोब समजला त्या दिवशी मला कुणाचं तरी जुनं पत्र वाचता आल्यासारखं वाटलं होतं.

शनिवार, २५ जानेवारी

आज पीळ आणि मूठ. पीळ जमला, मूठ जळाली.

पीळ बघायला सोपा वाटतो. गजाचा मधला वीतभर भाग झेंडूवर आणायचा, एक बाजू व्हाइसमध्ये आवळायची, दुसऱ्या बाजूला पाना लावून फिरवायचं. पण लोखंड जिथे जास्त तापलंय तिथे जास्त पिळतं, थंड भाग तसाच राहतो. माझा पहिला फेरा एकाच जागी गोळा झाला. शिकवणाऱ्यांनी चहाच्या किटलीतून त्या जागेवर पाण्याची बारीक धार सोडली. ती जागा काळवंडली, थांबली, आणि पुढचा फेरा शेजारच्या गरम भागाने घेतला. अडीच फेरे. नंतर सरळ करायला लाकडी हातोडा, लोखंडी हातोड्याने पिळाच्या कडा चेपल्या असत्या. कडा शाबूत हव्यातच, ओल्या किंवा घामेजल्या हातात सळई फिरत नाही ती त्यांच्यामुळे. शोभेची म्हणून जी गोष्ट मी शिकत होते ती पकड निघाली. याचा मला फार आनंद झाला.

मुठीला इथे बहुतेक जण मेंढ्याचं डोकं घडवतात. वळलेली दोन शिंगं, मधे लांबट तोंड. सुरेख दिसतं. मला मात्र ते हातातून येईना. मेंढ्याचं डोकं मी लोखंडात लहानपणी कधी पाहिलेलंच नाही. आबांकडे येणारं काम म्हणजे फाळ शेवटणं म्हणजे त्याला परत धार काढणं, खुरपी, विळे, कुऱ्हाडी, गाडीच्या चाकाला धाव चढवणं. बलुत्याच्या काळापासूनची ती घराणी, वर्षाला धान्य घालणारी. त्यात नक्षीला जागा नव्हती, आणि वेळही नव्हता.

एक वस्तू सोडून. आमच्या स्वयंपाकघरातली विळी. पातं पाटाला जिथे जोडलंय तिथल्या दांड्याला आबांनी मोराची मान काढली होती. मानेला बाक, पुढे चोच, डोक्यावर तीन काड्यांचा तुरा. आई लग्न होऊन आली त्या वर्षी सुनेसाठी केलेली. मी त्या मानेला धरूनच चालायला शिकले असं आई सांगते, आणि पातं झाकायला मग फडकं कसं बांधायला लागायचं तेही.

म्हणून मोर करायला घेतला. टोकाकडचा दोन सेंटिमीटरचा गोळा राखला, त्याच्या मागे ऐरणीच्या कडेवर दाबून मान बारीक केली. चोच ओढली. डोक्याचा पत्रा पातळ करून छिन्नीने तीन काड्या चिरल्या. इथवर सगळं आबांच्या मोरासारखं आलं. चोच जरा खाली वाकवायची राहिली होती म्हणून परत भट्टीत घातलं, आणि बोलण्यात एक क्षण नजर हलली. जाड मान कुंकवावर यायच्या आत पातळ तुरा पांढरा होऊन गेला. भट्टीतून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या. त्या ठिणग्या कसल्या ते मला माहीत होतं. लोखंड स्वतःच जळतं तेव्हा तशा उडतात. बाहेर काढला तर तुरा नाही, चोच अर्धी, आणि उरलेलं भरड, रवाळ. जळलेलं लोखंड सांधत नाही. कापून टाकावं लागलं, तीन सेंटिमीटर.

भट्टीच्या आवाजात रडलेलं कुणाला कळत नाही. मला तो तुकडा मेल्याचं दुःख नव्हतं. आबा भात्यावर मला दहा वेळा सांगायचे, "नजर आगीत ठेव." दहा वेळा.

शनिवार, १ फेब्रुवारी

झाली.

सळई आता ७० सेंटिमीटरला जरा कमी आहे. मोर परत काढला, पण क्रम बदलून. जाड कामं आधी, म्हणजे मान, बाक, चोच. तुरा अगदी शेवटी, तोही नुसत्या मंद लालीवर, पातळ छिन्नीने, आणि त्यानंतर भट्टीत घालायचंच नाही. तुरा पहिल्यापेक्षा आखूड झाला आणि एक काडी जाड आली. तरी तो मोरच आहे. दुरूनही.

तारेच्या ब्रशने घासून, लाली पूर्ण गेल्यावर पण चटका बसेल इतकी ऊब असताना मधमाश्यांचं मेण चोळलं. मेण धूर सोडत पसरतं आणि लोखंड काळं, ओलसर दिसायला लागतं. टोकाकडचं मेण पहिल्याच विस्तवात जाणार, मुठीकडचं राहील.

निघताना शिकवणाऱ्यांनी विचारलं, तुझी खूण कुठे घालणार? सगळे घालतात. मी म्हटलं, नको. आबांच्या प्रत्येक विळ्यावर तीन ठिपके असायचे, सुंब्याने, म्हणजे ठोकून खूण पाडायच्या टोकदार हत्याराने, उमटवलेले. ते मी कुठल्या तोंडाने वापरू? आयुष्यात एकच मोर केलाय, तोही दुसऱ्या खेपेला. दुसरी कुठली खूण मला सुचलीही नाही.

संध्याकाळी सळई आजींना नेऊन दिली. त्यांनी आधी वजन पाहिलं, मग पिळावर अंगठा फिरवला, मग मोराकडे बघून विचारलं हा कुठला पक्षी. मी विळीचं सांगितलं. जमिनीवर बसून, पायाने पाट दाबून चिरायचं, हे मला गालिच्यावर बसून दाखवावं लागलं. त्यांनी राखेत गेलेला ओंडका आकड्याने पुढे ओढला, उलटा केला, आणि खालची बाजू पेटली. हात आगीपासून चांगला लांब राहिला.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज विश्वकर्मा जयंती. आईला फोन केला. तिने आबांची सांडशी आणि दोन हातोडे धुऊन, हळदकुंकू वाहून मांडले होते, शेजारी विळीसुद्धा. मी सळईचे फोटो पाठवले होते ते तिने चष्मा लावून एकेक पाहिले. चोच चांगली आली म्हणाली. तुरा आखूड आहे तेही म्हणाली.

मग, "खूण कुठाय गं?"

"नाही घातली."

"का?"

"आबांची खूण मी कशी घालू, आई? एवढंसं तर काम."

आई थोडा वेळ बोलली नाही. मग तिने विळी उचलून फोनसमोर धरली. मोराच्या मानेखाली, हात लागून लागून गुळगुळीत झालेले तीन ठिपके. मला ते तिथे आहेत हे आठवतच नव्हतं.

"मोठेपणासाठी नव्हते घालत ते," ती म्हणाली. "विळा मोडून परत आला तर ठिपके बघायचे. आपलं असलं की पैसा न घेता नीट करून द्यायचं. दुसऱ्याचं असलं तर घ्यायचे. आता त्या आजीची सळई वाकली तर तिनं कुणाकडं आणायची?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ठिपके थंड लोखंडावरही उमटतात, त्याला भट्टी लागत नाही. सुंबा माझ्याकडे आहे, एक किलोचा हातोडा आहे, खाली ठेवायला जाड लोखंडी पट्टी आहे. उद्या चारला कामावरून सुटते. आजींना निरोप पाठवलाय, पाच मिनिटांसाठी सळई हवी म्हणून.