आईची साडेसाती आज संपली

आज शनिवार, त्यात अमावस्या, 29 मार्च 2025, आणि आज रात्री शनि कुंभेतून मीन राशीत जातोय. सकाळीच आईला गाडीवर घेऊन शनि मंदिरात गेलो, उन्हाचा नुसता कहर आणि लाईन पार रस्त्यापर्यंत. आईची रास मकर. साडेसाती म्हणजे शनि आपल्या राशीच्या मागच्या, आपल्या आणि पुढच्या राशीतून जातो तो काळ. 2017 ला सुरू झालेली ती आज सुटली आईची, म्हणायला साडेसात वर्षं पण शनि मध्ये वक्री होऊन मागं आला तर थोडं वाढतंच की. 2020 ला तो मकरेतच आला, म्हणजे मधला टप्पा, त्याच वर्षी पप्पा गेले आणि दोन वर्षांत घरचे कापड विणायचे चारही माग भंगारात द्यावे लागले. ज्या दिवशी टेम्पो आला त्या दिवशी आई दारात उभी होती, काही बोलली नाही, फक्त एक धोटा, मागावर आडवा धागा नेतो तो, उचलून पदरात घेतला. तो अजून देवघरात आहे.

आज तेल वाहताना तिचा हात थरथरत होता. मी म्हणलं आई सुटलीस, तर म्हणते, "माझं राहू दे रे, तुझं काय?"

माझी रास मीन. आजपासून मधला टप्पा माझा. पण शनि नुसता त्रास देतो असं मी मानत नाही, तो कर्माचा हिशोब बघतो, आणि मीन तर गुरूची रास आहे.

येताना पाडव्यासाठी साखरेचा हार घेतला. आईनं यावेळी मोठा निवडला, पाच वर्षांत पहिल्यांदा.