जुन्या वकिलांकडून फाइल परत मिळवताना

आमचा शेतजमिनीच्या वाटपाचा दावा सातारा जिल्ह्यातल्या तालुका कोर्टात चालू आहे. वडील गेल्यावर आई आणि मी वकील बदलायचं ठरवलं. जुने वकीलसाहेब म्हणाले, "आधी राहिलेली फी, मग फाइल." त्यांनी सांगितलेला आकडा आम्हाला मान्य नव्हता, लेखी हिशेब कधी मिळालाच नव्हता. आणि फाइलमध्ये आजोबांचं मूळ खरेदीखत होतं. ते अडकून पडलंय या विचाराने आईला झोप लागेना.

नव्या वकील मॅडमनी सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल दाखवला: आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा. भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलांनी ९७,१०० रुपये फी थकली म्हणून फायली अडवल्या होत्या. कोर्टाने स्पष्ट सांगितलं की फीसाठी पक्षकाराचे कागद रोखून धरता येत नाहीत. फी वसूल करायला कायद्याचे दुसरे मार्ग आहेत. मागूनही फाइल न देणं हे ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली गैरवर्तन ठरतं आणि त्याची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे, करता येते.

तक्रारीची घाई आम्ही केली नाही. आधी पत्र लिहिलं. भाषा साधी ठेवली, पण कागदांची यादी एकेक करून दिली, फीचा तपशीलवार हिशेब वेगळा मागितला आणि शेवटी कलम ३५चा उल्लेख केला. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवली.

नव्या मॅडमच्या वकीलपत्रावर (आमच्या वतीने खटला चालवण्याचं अधिकारपत्र) जुन्या वकिलांची ना हरकत सही मिळत नव्हती, म्हणून कारण लिहून कोर्टाकडे परवानगी मागितली. ती मिळाली. दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) यांच्या नकलांसाठी नक्कल विभागात अर्ज केला. मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या: कोर्टात दाखल झालेल्या कागदांचीच नक्कल मिळते. खरेदीखत अजून दाखलच झालेलं नव्हतं, त्यामुळे ते वकिलांकडूनच यायला हवं होतं.

पत्रानंतर त्यांच्या कारकुनाचा फोन आला. ऑफिसात आम्ही यादी समोर ठेवून प्रत्येक कागदावर खूण केली. खरेदीखताच्या मागच्या पानावरचा नोंदणीचा शिक्का आणि आजोबांचा अंगठा बघूनच आईने ते हातात घेतलं. मग पोचपावती पुढे आली. त्यात "कागदपत्रे मिळाली"च्या खाली "थकीत फी मान्य आहे" अशी ओळ टाईप केलेली होती! ती खोडली, शेजारी सही केली, मगच खाली सही केली. अशी पावती पूर्ण वाचल्याशिवाय कुणीही सही करू नये, समोरचा कितीही घाई करू दे.

फीचा हिशेब नंतर आला. त्यातल्या पटलेल्या तारखांचे पैसे आम्ही बँकेतून भरले. बाकीच्या रकमेबद्दल पत्रव्यवहार चालू आहे. खरेदीखत मात्र आता दाव्यात दाखल झालंय.