उलटं पुस्तक

पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की आमचा वर्ग बंद पडायचा. आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिण भागात, झोंबा पठाराच्या पायथ्याशी, चिल्वा सरोवराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटं चर्च आहे. तिथं आम्ही दर शनिवारी मुलांचा वाचनवर्ग घ्यायचो. सगळा वर्ग आवाजावर चालायचा. मी किंवा माझ्या सहशिक्षिका एक ओळ वाचणार आणि मुलं ती एका सुरात म्हणणार. फेब्रुवारी 2019 मधल्या त्या शनिवारी पाऊस सकाळीच सुरू झाला तो थांबेचना. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. म्हणून मी ठरवलं, एकेका मुलाला शेजारी बसवायचं, पुस्तक पुढ्यात ठेवायचं आणि त्याच्याकडून वाचून घ्यायचं.

पाच महिन्यांत हे पहिल्यांदाच करत होते. लिहिताना आजही लाज वाटते.

आम्ही तिघं, म्हणजे यजमान, मी आणि नऊ वर्षांची लेक, सप्टेंबर 2018 मध्ये तिथं पोहोचलो. मलावीतलं शाळेचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं आणि जुलैत संपतं. तेवढं एक वर्ष द्यायचं, असं आम्ही प्रार्थनेत ठरवलं होतं. आमच्या आणि आणखी दोन मंडळ्यांनी, म्हणजे चर्चनी, मदतीची जबाबदारी घेतली. यजमान हिशेब आणि गणित बघायचे, वाचन माझ्याकडे होतं. आम्हाला मुलं ‘अम्वेन्ये’ म्हणायची, हा तिथला भारतीयांसाठीचा शब्द. झोंब्यात भारतीयांची जुनी दुकानं आहेत, त्यामुळे भारतीय म्हणजे दुकानदार अशीच लोकांची समजूत. हे अम्वेन्ये काहीच विकत नाहीत, याचं पहिले काही दिवस सगळ्यांना नवल वाटलं.

वर्गाची गरज खरीच होती. 1994 मध्ये तिथं प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि एका वर्षात पटावरची संख्या सुमारे 19 लाखांवरून 30 लाखांच्या आसपास गेली. निर्णय मोठा होता, चांगला होता, पण तेवढ्या वेगानं ना खोल्या वाढल्या ना शिक्षक. आमच्या भागात पहिलीच्या वर्गात शंभरावर मुलं असणं ही रोजची गोष्ट होती आणि एखादा वर्ग झाडाखालीही भरायचा. तिथल्या शिक्षकांबद्दल मला मनापासून आदर आहे. शंभर मुलांना एकट्यानं शिकवायचं तर एका सुरात म्हणवून घेण्यावाचून दुसरं काय करणार? पण आमच्याकडे 62 नावं होती आणि शिकवणारे तिघं. आम्हीही तेच केलं, याला सबब नाही. कारण मात्र आहे. मी संडे स्कूलमध्ये वाढले. दर रविवारी बायबलमधलं एक सुवर्णवचन पाठ करायचं आणि न चुकता म्हटलं की बाईंची शाबासकी मिळवायची. मुलानं घडाघडा म्हटलं की त्याला आलं, हे माझ्या अंगातच मुरलेलं होतं.

त्या दिवशी 19 मुलं आली होती. जानेवारी-फेब्रुवारी हे तिथले उपाशी महिने. मागच्या वर्षीचा मका संपलेला असतो, नवा एप्रिलशिवाय हाती येत नाही. बरीच मुलं आईबरोबर ‘गन्यू’ला, म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातात. आली त्यातली काही दहा वाजता मिळणाऱ्या मगभर ‘फाला’साठी, मका आणि सोयाबीनच्या पातळ खिरीसाठी आली होती, हे मला माहीत होतं. त्यात वाईट काहीच नाही.

पहिली आली ती आमची सगळ्यात हुशार मुलगी. दहा वर्षांची, खणखणीत आवाजाची. कुणी पाहुणा आला की आम्ही तिलाच पुढे करायचो. मी सहज मधलंच पान उघडलं, बकरीचं. तिनं सुरुवात केली ती पहिल्या पानावरच्या कुत्र्यापासून. एकही शब्द अडला नाही. तिची नजर पुस्तकावर नव्हती, माझ्या चेहऱ्यावर होती. मला वाटलं, पावसात तिला नीट ऐकू आलं नसेल. पान बदललं, बोट ठेवलं. पुन्हा कुत्रा. मग मी एका ओळीतला एकच शब्द बोटांच्या चिमटीत धरून विचारला. ती गप्प झाली. तिच्या डोळ्यांत जी भीती आली ती मला विसरता येत नाही. आपली काहीतरी मोठी चूक झाली, असं तिला वाटलं होतं. चूक तर माझी होती.

एकामागून एक चौदा मुलं तशीच निघाली. आणखी चौघांना सुटी अक्षरं येत होती, शब्द जुळत नव्हता. उरला एक मुलगा, आठेक वर्षांचा, अबोल. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे पाच महिने फुलीच होती.

मी पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग उठला, बाकाला वळसा घालून समोर जाऊन उभा राहिला आणि तिथून, उलट्या बाजूनं, बोट ठेवत वाचायला लागला. हळू, अडखळत, पण जे छापलं होतं तेच. माझा विश्वास बसेना. मी पाटीवर पुस्तकात नसलेले शब्द लिहिले. ‘मोतो’ म्हणजे विस्तव, ‘खासू’ म्हणजे कुदळ. पाटी सरळ धरली तर गप्प. उलटी केली की वाचायचा.

मला काही उमगेना. उमगलं ते माझ्या लेकीला. ती मुलांत बसायची, मी उभी असायचे, एवढाच फरक. ती म्हणाली, “आई, पाच जणांत एक पुस्तक असतं ना? हा नेहमी पलीकडे बसतो. त्याला पुस्तक कायम उलटंच दिसतं.”

पुस्तकाच्या सरळ बाजूला बसून धडाधड म्हणणारी मुलं पाठांतर करत होती. आणि जो पलीकडे, चुकीच्या बाजूला बसला होता, ज्याला कुणी कधी विचारलं नव्हतं, तो एकटा अक्षरांकडे बघत होता.

पाऊस ओसरल्यावर मी सहशिक्षिकांना सगळं सांगितलं. त्या गावातल्याच, माझ्याहून मोठ्या. मी त्यांना ‘अफुंझित्सी’, म्हणजे बाई, म्हणायची. त्या मला ‘अमायी’, आई. त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. म्हणाल्या, “अमायी, मला ठाऊक होतं. पण तुम्ही मुलांना म्हणायला सांगायचात, मुलं म्हणायची, तुम्ही आनंदानं टाळ्या वाजवायचात. पाहुणे फोटो काढायचे. मला वाटलं, तुम्हाला हेच हवंय.”

मी तिथंच बाकावर बसून रडले. त्या शेजारी बसून राहिल्या, काही न बोलता.

तिथल्या चिचेवा भाषेत ‘कुवेरेंगा’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, वाचणं आणि मोजणं. त्या रात्री मी आणि यजमानांनी महिन्याच्या अहवालाची वही उघडली तेव्हा तो शब्द डोक्यातून जाईना. 62 पैकी 41 मुलं वाचतात, असं आम्ही तिन्ही मंडळ्यांना कळवलं होतं. त्या आकड्यावर लोकांनी देवाची उपकारस्तुती केली होती. मला सिंथिया फेरार आठवल्या. 1827 मध्ये त्या अमेरिकेहून अविवाहित मिशनरी म्हणून मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळांसाठी आयुष्य घातलं. आमच्यासारख्या मराठी ख्रिस्ती घरांतल्या बायकांच्या हाती पुस्तक आलं ते अशा बायकांमुळे. त्यांच्यापुढेही मुली नुसतं म्हणून दाखवत असतील का? आणि ते त्यांना कुणी सांगितलं असेल का? यजमान एवढंच म्हणाले, “उद्याच पत्र लिहू. उशीर केला तर धीर होणार नाही.”

पुढचे दोन शनिवार आम्ही प्रत्येक मुलाला एकेकटं तपासलं. खरोखर वाचणारी नऊ होती. तेच पत्रात लिहिलं. एका मंडळीनं उरलेल्या महिन्यांची मदत थांबवली. दुसऱ्या मंडळीतल्या एका आजींनी फोन करून माझ्यासाठी प्रार्थना केली. दोन्ही मी स्वीकारलं.

मग सूत्रं अफुंझित्सींकडे गेली. त्यांनी खोक्यांचे पुठ्ठे कापले आणि कोळशानं अक्षरं काढली: मा मे मी मो मू, का के की को कू. मी बघतच राहिले. ही तर बाराखडी! आणि गंमत म्हणजे चिचेवात क आणि ख, प आणि फ वेगळे धरले जातात, अगदी आपल्यासारखे. इंग्रजी वळणाच्या पाहुण्यांचा तिथं घोटाळा व्हायचा, आमच्या लेकीचा कधीच झाला नाही. पाच महिने मी माझ्या घरची हत्यारं घरीच ठेवून आले होते. आता पुस्तक बाजूला, पुठ्ठे जमिनीवर, आणि मुलं गोल करून न बसता एका बाजूला रांगेनं. यजमानांनी गणितातही हाच रस्ता धरला. चिचेवात सहा म्हणजे ‘पाच आणि एक’, सात म्हणजे ‘पाच आणि दोन’. एक मूठ पुरी झाली की दुसऱ्या हाताची बोटं मोजायची.

मार्चच्या सुरुवातीला पूर आले, पाठोपाठ इडाई चक्रीवादळाची बातमी. घरं पडलेली कुटुंबं चर्चमध्ये राहायला आली, वर्ग महिनाभर बंद होता. मलेरिया आम्हा तिघांनाही होऊन गेला. एप्रिलमध्ये मका निघाला आणि मुलं परत आली, सगळी नाहीत. खणखणीत आवाजाच्या त्या मुलीनं मात्र एक शनिवार चुकवला नाही. तिला वाचायला लावण्याआधी मला तिचा विश्वास परत मिळवावा लागला, त्यात सहा आठवडे गेले. जुलैच्या तपासणीत 27 मुलांनी न पाहिलेली ओळ वाचली. तिनं वाचली तेव्हा आवाज अगदी बारीक होता, आणि नजर कागदावर.

तो मुलगा सरळ पुस्तक वाचायला महिन्याभरात शिकला. उलटं वाचणं मात्र त्यानं सोडलं नाही. शेवटच्या शनिवारी अफुंझित्सींनी त्याला लहान मुलांपुढे बसवलं. त्यानं पुस्तक उघडलं, चित्रं त्यांना नीट दिसावीत म्हणून त्यांच्याकडे सरळ धरलं, आणि स्वतः वरून, उलट्या अक्षरांवर बोट फिरवत, त्यांना बकरीची गोष्ट वाचून दाखवायला लागला.